उंदराच्या यकृतातला नर आणि मादी

प्रस्तावना

पांढऱ्या उंदराचं यकृत थाळीत ठेवलं तर ते नराचं की मादीचं हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. तोच तपकिरी-लाल रंग, तेच खंड, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तीच मांडणी. पण त्याचा लगदा करा, सेंट्रिफ्यूजवर फिरवा, तळाशी बसलेल्या मायक्रोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या बारीक तुकड्यांमध्ये, थोडं टेस्टोस्टेरॉन मिसळा आणि त्या रेणूचं काय होतं ते तपासा. मग यकृताला आपलं लिंग लपवता येत नाही. नराचं यकृत टेस्टोस्टेरॉनच्या दुसऱ्या आणि सोळाव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसवत सुटतं. मादीच्या यकृतात ते काम जवळपास होतच नाही. तिथे ५-अल्फा रिडक्टेज या वेगळ्याच एन्झाइमचा जोर असतो. पित्त करणं, साखर साठवणं, विषं निकामी करणं ही ज्याची कामं, जननेंद्रियांशी ज्याचा वरकरणी काही संबंध नाही, अशा अवयवाला हे नर-मादीपण येतं कुठून? ते टिकवतं कोण? आणि एकदा ठरल्यावर ते उलटवता येतं का? या तीन प्रश्नांभोवती ही पुस्तिका लिहिली गेली आहे.

लेखिका औषधनिर्माणशास्त्र शिकवतात. हस्तलिखित घेऊन त्या मेढ्याला आल्या, तेव्हा त्यांची एकच अट होती: प्रस्तावना अशी हवी की बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी ती वाचून पुढचं पान उलटेल. त्यामुळे संशोधकांसाठी लिहिलेलं इथे काही नाही. साताऱ्याला, कराडला, कोल्हापूरला शिकायला जाणारी जावळी खोऱ्यातली मुलं माझ्यासमोर आहेत. त्यांच्या घरी उंदीर म्हणजे भाताच्या खाचराचा बांध पोखरणारा, कणगीला भोक पाडणारा प्राणी. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी तर घरात उंदीर मरून पडला की गाव सोडून रानात खोपटी बांधली. प्लेगची ती दहशत सातारा जिल्ह्यात अजून सांगोवांगी शिल्लक आहे. या उंदराच्या यकृतावर पन्नास-साठ वर्षं डोकं लढवणारी माणसं जगात आहेत, याचं आमच्याकडे आधी हसू येतं. ते येऊ द्यावं. विषय हसत हसत सुरू झाला तरी बिघडत नाही.

बी. फार्म.च्या मुलांना या विषयाचं एक टोक ठाऊक असतं, पण ते टोक कशाचं आहे हे बहुधा ठाऊक नसतं. प्रात्यक्षिकांमध्ये ‘झोपेचा काळ’ नावाचा प्रयोग आहे. फिनोबार्बिटोनसारखं झोपेचं औषध दिल्यावर जनावर किती वेळ उताणं पडून राहतं आणि किती वेळाने आपण होऊन पालथं होतं, ते मोजायचं. यकृतातली एन्झाइम्स आधीच वाढवली असतील तर औषध लवकर मोडलं जातं आणि झोप लवकर उडते. आता हा प्रयोग खऱ्या जनावरावर न करता संगणकाच्या पडद्यावर दाखवतात, आणि ते योग्यच आहे. जर्नलमध्ये मुलं प्राण्याचं नाव आणि वजन लिहितात. नर की मादी हा रकाना मात्र अनेकदा कोरा राहतो किंवा ठोकळेबाज भरला जातो. या पुस्तिकेचा सगळा विषय त्या एका रकान्यात मावतो.

कारण सुरुवात नेमकी तिथूनच झाली. १९३२ साली निकोलस आणि बॅरन या अमेरिकन संशोधकांना प्रयोगासाठी उंदरांना भूल द्यायची होती. त्यांनी सोडियम अमायटल वापरलं. नराला जेवढी मात्रा लागते, तिच्या साधारण निम्म्या मात्रेत मादी तेवढीच गाढ झोपते, असं त्यांना आढळलं. ते शोधायला निघाले होते भूल देण्याची सोपी रीत, आणि हाती लागला हा फरक. पाच वर्षांनी होल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर बार्बिट्युरेट औषधांवरही हाच फरक दाखवला. पुढे हेही दिसलं की नराचे वृषण काढले की तो मादीसारखा लांब झोपतो आणि टेस्टोस्टेरॉन टोचलं की पुन्हा लवकर उठू लागतो. आता कोणालाही वाटेल की मादीचा मेंदू औषधाला जास्त हळवा असणार. ही समजूत बराच काळ चालली असती. १९५८ साली क्विन, ॲक्सेलरॉड आणि ब्रोडी यांनी प्रश्न मेंदूकडून यकृताकडे वळवला. वेगवेगळ्या जातींचे प्राणी, त्यांचे वंश, नर-माद्या घेऊन त्यांनी औषध शरीरातून किती वेगाने नाहीसं होतं ते मोजलं. झोपेच्या लांबीचं गणित तिथे सुटलं. मादी हळवी नव्हती. तिचं यकृत ते औषध सावकाश मोडत होतं. यातल्या ज्युलियस ॲक्सेलरॉडना पुढे १९७० मध्ये वेगळ्या कामासाठी नोबेल मिळालं. लेखिकेने या पंचवीस वर्षांना अर्धं पान दिलं आहे. मी त्यांना आणखी चार पानं मागितली होती, ती मिळाली नाहीत, म्हणून इथे हात मोकळा सोडला.

त्याच सुमारास यकृतातल्या या औषध मोडणाऱ्या यंत्रणेला नाव मिळत होतं. १९५८ मध्ये क्लिंगेनबर्ग आणि गारफिंकेल यांना मायक्रोसोममध्ये एक रंगद्रव्य दिसलं होतं. कार्बन मोनॉक्साइडशी जोडलं गेलं की ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषायचं. जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी १९६२ मध्ये त्याला सायटोक्रोम पी-४५० म्हटलं. तेव्हा ते एकच असेल असा समज होता. आता माहीत आहे की हे मोठं कुटुंब आहे आणि त्यातल्या प्रत्येकाचं जनुक वेगळं. उंदराच्या बाबतीत आपल्याला त्यातली दोन नावं लक्षात ठेवायची आहेत: सीवायपी २सी११ आणि सीवायपी २सी१२. पहिलं प्रौढ नराच्या यकृतात भरपूर, मादीत जवळजवळ नाही. दुसरं प्रौढ मादीत भरपूर, नरात जवळजवळ नाही. दोन्ही जनुकं दोघांच्याही पेशीत असतात, बाप-आईकडून सारखीच आलेली, आणि वाय गुणसूत्राशी त्यांचा संबंध नाही. फरक इतकाच की नराच्या यकृतात एक वाचलं जातं आणि मादीच्या यकृतात दुसरं. पिलं लहान असताना हा भेद नसतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, वयात येताना तो उमटतो.

फिनोबार्बिटोनने उंदराच्या यकृतातली पी-४५० जनुकं कशी चेतवली जातात यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. पद्मनाभन यांच्या गटाने मोठं काम केलं, हे जाता जाता नोंदवायला हवं. तो प्रश्न बाहेरून आलेल्या औषधाचा होता. आपला प्रश्न आतल्या हुकमाचा आहे.

आतला हुकूम कोणाचा, याचं सरळ उत्तर टेस्टोस्टेरॉन. वृषण काढले की नरपण जातं, टोचलं की परत येतं, इतकं स्वच्छ उत्तर हाती असताना पुढे कशाला जायचं? पुढे जायचं कारण एका वेगळ्या शस्त्रक्रियेने दिलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याहूनही लहान अशी पियूषिका ग्रंथी असते. ती काढून टाकलेल्या उंदराला टेस्टोस्टेरॉन कितीही टोचा, यकृत दाद देत नाही. म्हणजे टेस्टोस्टेरॉन यकृताशी थेट बोलत नव्हतं. ते वर कुठेतरी बोलत होतं आणि यकृताला निरोप पियूषिकेकडून येत होता.

निरोप कोणता, हे शोधायचा मान स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या यान-ऑके गुस्ताफसन यांच्या गटाकडे जातो. १९७०च्या दशकात तिथे एक विलक्षण प्रयोग झाला. पियूषिका मेंदूच्या तळाशी न ठेवता मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रोवायची. तिथे ती जगते, संप्रेरकं सोडते; पण मेंदूचा, म्हणजे हायपोथॅलॅमसचा तिच्यावरचा लगाम सुटलेला असतो. अशी ग्रंथी रोवली की नराचं यकृत मादीसारखं वागू लागतं. यावरून अनुमान निघालं: पियूषिका स्वभावतः मादीपण आणणारा एक पदार्थ सोडते, आणि नराच्या मेंदूतून तो रोखला जातो. त्या पदार्थाला त्यांनी ‘फेमिनोट्रोपिन’ हे नावही देऊन टाकलं. पदार्थ सापडायच्या आधी नाव देणं हा शास्त्रज्ञांचा जुना छंद आहे, आणि कधीकधी त्या नावामुळेच डोळे चुकीच्या ठिकाणी शोधत राहतात. नवा पदार्थ मिळेल म्हणून पियूषिकेचा अर्क चाळला जात होता. मिळालं ते फार जुनं, ओळखीचं संप्रेरक: वृद्धी संप्रेरक, ग्रोथ हॉर्मोन. हाडं लांब करणारं. नर-मादी दोघांच्याही रक्तात असणारं.

दोघांच्याही रक्तात आहे, मग फरक कशाने पडतो? इथे या विषयाची खरी गंमत आहे आणि इथे वाचकाने जरा थांबावं. मॉन्ट्रियलला टॅनेनबाम आणि मार्टिन यांनी १९७६ मध्ये नर उंदराच्या शिरेत नळी ठेवून थोड्या थोड्या वेळाने रक्त काढून तपासलं. दिसलं असं की वृद्धी संप्रेरक सव्वातीन-साडेतीन तासांनी उसळतं आणि मधल्या वेळात इतकं उतरतं की मोजता येऊ नये. १९७९ मध्ये गोथेनबर्गच्या स्टाफान एडेन यांनी नर आणि मादी शेजारी ठेवून पाहिले. मादीत उसळ्या बुटक्या आणि जवळ जवळ, मधला तळ कधीच रिकामा होत नाही. रक्तात संप्रेरक जवळजवळ सतत असतं. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, आग्नेता मोडे, गुन्नार नॉर्स्टेट, गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी कातडीखाली बसणारा छोटा पंप वापरून नरांना वृद्धी संप्रेरक अखंड दिलं. नराचं यकृत मादीचं झालं. तेच संप्रेरक सुईने अंतराअंतराने टोचलं तर तसं झालं नाही.

मेढ्याच्या माणसाला हे समजावून सांगायला मला शेताइतकं जवळचं दुसरं काही सापडत नाही. वरच्या अंगाला भाताच्या खाचरात पाणी उभं लागतं. खाली, वेण्णेवरच्या कण्हेर धरणाच्या कालव्यावर, पाणी आवर्तनाने येतं. एकदा भरणं झालं की जमिनीला वाफसा यायची वाट बघायची, मग पुढचं पाणी. लिटरचा हिशेब दोन्हीकडे सारखा जुळवला तरी पिकाला तो सारखा नसतो. वाफशाशिवाय जे पीक पिवळं पडतं, त्याला पाणी कमी पडलेलं नसतं. नर उंदराचं यकृत तसं आहे: त्याला वाफसा लागतो.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. बॉस्टनचे डेव्हिड वॅक्समन आणि पेनसिल्व्हेनियाचे बर्नार्ड शापिरो यांच्या गटांनी १९९१ मध्ये पियूषिका काढलेल्या उंदरांना वृद्धी संप्रेरक वेगवेगळ्या अंतराने देऊन पाहिलं. सीवायपी २सी११ जागं व्हायला उसळीची उंची किंवा दिवसाची एकूण मात्रा यांपेक्षा दोन उसळ्यांमधली संप्रेरकरहित वेळ निर्णायक ठरते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. ती वेळ किमान अडीच तासांच्या आसपास असावी लागते. उसळ्या त्याहून जवळ आणल्या की यकृताला त्या वेगळ्या उसळ्या वाटतच नाहीत. ते त्यांना मादीच्या अखंड धारेसारखं घेतं. शापिरोंच्या प्रयोगशाळेतून पुढे असंही आलं की ही अखंड धार अगदी बारीक असली, मादीच्या नेहमीच्या पातळीच्या कितीतरी खाली असली, तरी नराचं एन्झाइम दाबायला ती पुरते. संप्रेरकाचं काम म्हणजे ‘जास्त मात्रा, जास्त परिणाम’ असं आपण शाळेपासून शिकतो. इथे काहीही नसण्याच्या काळाला अर्थ आहे. मला विचाराल तर या पुस्तिकेतून एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी तिचे पैसे वसूल झाले.

पेशीला हे कळतं कसं? याचं उत्तर यायला १९९५ साल उजाडलं. वॅक्समन यांच्या गटाने यकृतातल्या स्टॅट-५ या प्रथिनावर बोट ठेवलं. वृद्धी संप्रेरक पेशीच्या बाहेरच्या ग्राहीला चिकटलं की आतल्या बाजूचं जॅक-२ हे एन्झाइम जागं होतं आणि स्टॅट-५च्या एका टायरोसिनवर फॉस्फेट बसवतं. फॉस्फेट बसलेले दोन रेणू जोडी करून केंद्रकात शिरतात आणि डीएनएवर ठरावीक जागी बसून जनुकं चालू करतात. नरात प्रत्येक उसळीबरोबर स्टॅट-५ केंद्रकात जातं, उसळ ओसरली की फॉस्फेट उतरवून परत येतं, आणि ही यंत्रणा पुढच्या उसळीसाठी ताजी व्हायला मध्ये वेळ लागतो. मादीत हुकूम सतत चालू असल्याने यंत्रणा अर्धवट दाबलेल्या अवस्थेत राहते. केंद्रकातलं चेतलेलं स्टॅट-५ कमी. स्टॅट-५च्या दोन रूपांपैकी ‘५बी’ हे इथलं मुख्य. १९९७ मध्ये स्टॅट-५बीचं जनुक काढून टाकलेले माऊस (या उंदराहून लहान, वेगळी जात) तयार झाले. त्यांतले नर मादीएवढेच वाढले आणि यकृतातली नरांची खास जनुकंही मंदावली. शरीराचा आकार आणि यकृताचं रसायन एकाच दोरीला बांधलेले निघाले.

त्यानंतरच्या काळात चित्र आणखी दाट झालं. मादीच्या यकृतात कक्स-२ नावाचं प्रथिन असतं. ते नराची जनुकं दाबून ठेवतं. नराच्या यकृतात बीसीएल-६ जास्त. ते मादीच्या जनुकांवर बसतं. म्हणजे दोन्ही बाजू केवळ आपलं ते चालू करत नाहीत, दुसऱ्याचं ते मुद्दाम बंदही ठेवतात. माऊसच्या यकृतात नर आणि मादीत वेगळ्या प्रमाणात वाचली जाणारी जनुकं हजाराहून जास्त भरतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची दोरी शेवटी वृद्धी संप्रेरकाच्या लयीपर्यंत जाते. सहाव्या प्रकरणातल्या आकृत्या इथे उपयोगी पडतात. मजकूर मात्र तिथे थोडा दाट झाला आहे. पहिल्या वाचनात सोडला तरी चालेल.

या लयीला लय कोण देतं, हा प्रश्न राहिला. हायपोथॅलॅमसमधून पियूषिकेकडे दोन निरोप जातात. एक वृद्धी संप्रेरक सोडायला सांगतो, दुसरा, सोमॅटोस्टॅटिन, थांबवतो. नरात हे दोन आळीपाळीने प्रबळ होतात, म्हणून उसळी आणि रिकामपण. ही सवय मेंदूला केव्हा लागते? जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. तेव्हा नराच्या वृषणातून आलेलं टेस्टोस्टेरॉन मेंदूवर ठसा उमटवतं, आणि तो ठसा आठवडे उलटल्यावर, वयात येताना, कामाला लागतो. जन्मतःच वृषण काढलेला नर प्रौढ झाल्यावर मादीच्या बाजूला झुकतो. प्रौढपणी वृषण काढले तर परिणाम त्याहून सौम्य. टेस्टोस्टेरॉनचा हात आहे, फक्त तो यकृतावर नसून मेंदूवर आहे, आणि त्यातला मोठा भाग पिलू डोळेही न उघडलेलं असताना होऊन गेलेला असतो.

पाठ्यपुस्तकांत या जागी एक वाक्य हमखास येतं: मादीपण ही मूळ अवस्था आणि नरपण हा त्यावरचा संस्कार. या पुस्तिकेने ते वाक्य घेतलेलं नाही, याबद्दल लेखिकेचं अभिनंदन. पियूषिका काढून टाका आणि बघा. मादीचं सीवायपी २सी१२ जवळजवळ नाहीसं होतं. नराचं २सी११ खूप उतरतं, तर मादीत ते नव्हतं तिथे थोडं वर येतं. दोघंही मधल्या कुठल्यातरी अवस्थेत जाऊन थांबतात. म्हणजे मादीपणही रोज, अखंड धारेने, राखावं लागतं. कोऱ्या पाटीवर मादी लिहिलेली नसते. हे जुनं वाक्य जीवशास्त्राच्या इतर कोपऱ्यांत कितपत खरं आहे हा वेगळा वाद. यकृताच्या बाबतीत ते पुराव्यावर टिकत नाही.

आता व्यवहाराकडे. नर उंदराचं यकृत आणखी एक गोष्ट करतं जी मादीचं करत नाही: अल्फा-२-यू ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन तयार करतं आणि ते लघवीत जातं. अमेरिकेत अरुण रॉय यांनी न्यूहाउस यांच्याबरोबर १९६०च्या दशकात ते ओळखलं आणि अँड्रोजेनशी त्याचा संबंध दाखवला. पुढे कळलं की यावरही वृद्धी संप्रेरकासह अनेकांचा हात आहे. हे केवळ अभ्यासकांचं कुतूहल राहिलं असतं. पण १९८०च्या दशकात शिसंविरहित पेट्रोलच्या वाफा आणि संत्र्या-लिंबाच्या सालीतलं डी-लिमोनिन यांच्या चाचण्यांमध्ये नर उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी दिसू लागल्या. माद्यांमध्ये काही नाही. संत्र्याची साल कर्करोग करते का, असा प्रश्न उभा राहिला. शोध घेतल्यावर निघालं की ही रसायनं अल्फा-२-यू ग्लोब्युलिनला चिकटतात, मग ते प्रथिन मूत्रपिंडाच्या पेशींत मोडलं जात नाही, साचतं, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या सतत तयार होत राहतात. माणसाचं यकृत हे प्रथिन तसं बनवतच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९१ मध्ये ठरवलं की नर उंदरात या मार्गाने आलेल्या गाठी माणसाच्या धोक्याचा अंदाज करताना धरू नयेत. नागपूरच्या संत्र्याच्या सालीवरचा ठपका उंदराच्या नरपणामुळे होता.

उलट दिशेची चूक त्याहून मोठी आणि जुनी. मादीचं संप्रेरक-चक्र आकडे विस्कटतं, या सबबीखाली प्रयोगशाळांनी दशकानुदशकं नरच वापरले. २०११ मध्ये बीरी आणि झुकर यांनी प्रसिद्ध शोधनिबंध तपासून दाखवलं की मेंदूविज्ञानात केवळ नरांवर झालेले अभ्यास केवळ माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाचपट होते. माणसांतही तेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं आणि हा सल्ला १९९३ मध्ये मागे घेतला. याच प्रशासनाने २०१३ च्या जानेवारीत झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची बायकांसाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली, कारण सकाळी गाडी चालवताना त्यांच्या रक्तात औषध जास्त उरत होतं. १९३२ मध्ये उंदरांवर दिसलेली निम्मी मात्रा आणि ही निम्मी मात्रा शेजारी ठेवायचा मोह आवरत नाही. आवरायला मात्र हवा. दोन्हींमागची यंत्रणा एक नाही. माणसाच्या यकृतात सीवायपी २सी११ किंवा २सी१२ यांसारखं चालू-बंद असं काही नाही. औषधं मोडणारं आपलं मुख्य एन्झाइम सीवायपी ३ए४ बायकांत थोडं जास्तच असतं. वृद्धी संप्रेरकाची लय माणसांतही पुरुषांत आणि बायकांत वेगळी आहे, पण उंदराइतकी टोकाची नाही. उंदराकडून आपण आकडे घ्यायचे नाहीत. प्रश्न कसा विचारायचा तो घ्यायचा: नर की मादी, आणि का.

हा प्रश्न मराठी प्रयोगशाळेला नवा नाही, हे इथल्या मुलांना सांगायला हवं. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, डॉ. खानोलकरांच्या हाताखाली, उंदरांच्या निरनिराळ्या वंशांतल्या स्तनाच्या कर्करोगावर काम केलं. आनुवंशिकता आणि संप्रेरकं यांचं त्यातलं नातं त्या शोधत होत्या. ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचा विषय यकृत नव्हता. पण ज्या रोगासाठी उंदराची मादीच अभ्यासावी लागते, तो निवडणाऱ्या प्रयोगशाळेत नर-मादीचा रकाना कधी कोरा राहू शकला नसता.

शेवटच्या प्रकरणात लेखिकेने प्राण्यांवरच्या प्रयोगांचा प्रश्न काढला आहे. तो टाळला नाही हे बरं केलं. पियूषिका काढणं, मूत्रपिंडाखाली ग्रंथी रोवणं, शिरेत नळी ठेवून तासन्‌तास रक्त काढणं या साध्या गोष्टी नाहीत. आपल्याकडे १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, आणि संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय उंदराला हात लावता येत नाही. लेखिकेचं म्हणणं असं की या विषयातलं पुढचं बरंचसं काम आता पेशींवर आणि माणसांच्या नमुन्यांवर होईल. मला तितकी खात्री वाटत नाही. लय ही रक्तात असते, आणि ताटलीतल्या यकृतपेशी काही दिवसांत आपली खास जनुकं विसरू लागतात. या मुद्द्यावर आमचं एकमत झालं नाही आणि तसं ते प्रस्तावनेत राहू द्यायला त्यांनी परवानगी दिली.

वाचायची रीत: फार्मसीच्या मुलांनी झोपेच्या काळाचं दुसरं प्रकरण आधी घ्यावं, मग पियूषिकेचं तिसरं. प्राणिशास्त्राच्या मुलांनी तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. चौथ्या प्रकरणातल्या संप्रेरकाच्या आलेखांवर बोट ठेवून नराच्या दोन उसळ्यांमधलं अंतर तासांत मोजावं आणि ते अडीच तासांहून किती जास्त भरतं ते समासात लिहावं. पाचवं प्रकरण त्या आकड्यापासून सुरू होतं.

मेढा, ता. जावळी, जि. सातारा